आमची वाटचाल: पाताळेश्वरच्या आठ शीट

नारायण पेठेत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो. डिजिटल आलं तशी डार्करूम बंद पडली आणि आत अडगळ साठली. ती खोली मी पुन्हा मोकळी केली ती 4×5 इंची शीट फिल्म, म्हणजे एकेका फोटोची सुटी फिल्म, धुण्यासाठी. लार्ज फॉरमॅटवर काम करणारे पुण्यात मोजकेच. पण त्यांच्या एकेका शीटमागे पहाटेपासूनची वाट असते, आणि ती शीट आमच्या ट्रेमध्ये बिघडली तर दुसरी नसते.

पहिल्याच मे महिन्यात तसं झालं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं, डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, 28 अंशांवर. एचपी-5 प्लस या फिल्मला पातळ न केलेल्या डी-76 डेव्हलपरमध्ये 20 अंशांना साडेसात मिनिटं लागतात. तापमानाच्या तक्त्याप्रमाणे वेळ चार मिनिटांच्या खाली आला. मी तेवढाच दिला. सिंहगडावरच्या आकाशात ढगांऐवजी डाग उठले. चूक सर्वस्वी माझी होती. पैसे घेतले नाहीत, कोऱ्या शीट भरून दिल्या, पण त्या रात्री झोप लागली नाही.

कारण शोधलं तेव्हा साधं निघालं. अंधारात सहा शीटचा गठ्ठा ट्रेमध्ये असतो. तळातली शीट काढून वर ठेवायची, की पुढची. कोपऱ्यातली खाच बोटाला लागते; उभी शीट धरून खाच वर उजवीकडे आली की इमल्शन, म्हणजे रसायनाचा थर असलेली बाजू, आपल्याकडे. एक फेरा अर्ध्या मिनिटाचा. चार मिनिटांत प्रत्येकीला जेमतेम आठदा ताजं द्रावण मिळतं, नऊ मिनिटांत अठरादा. फेरे कमी पडले, म्हणून डाग. म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात आम्हाला हवा होता सावकाश काम करणारा डेव्हलपर.

मग तिपाईची परवानगी काढून पाताळेश्वरच्या लेण्यात गेलो. गोल नंदीमंडपाचं छत, खालची सावली, मागे उजळ आकाश. एकाच एक्स्पोजरच्या आठ शीट घेतल्या आणि चार डेव्हलपरमध्ये दोन-दोन धुतल्या.

रोडिनल 1891 पासूनचा, अर्धी बाटलीही वर्षानुवर्षं टिकते. 1+50 ला, म्हणजे एक भाग डेव्हलपर आणि पन्नास भाग पाणी, कडा सुरेख आल्या. 35 मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर त्याचा दाणा, म्हणजे चित्रातला रवाळपणा, डोळ्यात भरतो. 4×5 वरून 16×20 चा प्रिंट म्हणजे चौपटच मोठा, तिथे दाण्याची तक्रार उरत नाही. पण आपला बेसॉल्ट काळा दगड, आणि रोडिनल फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाश टिपायची क्षमता, थोडी खातो. नंदीच्या पोटाखालचे छिन्नीचे घाव नाहीसे झाले.

एचसी-110 नेहमीच्या 1+31 ला एचपी-5 साठी 20 अंशांनाच पाच मिनिटं मागतो. 1+63 केल्यावर जमला, ठीकठाक. चौथ्या डेव्हलपरने, पायरोने, मात्र आकाश अप्रतिम दिलं. त्याचा पिवळट-तपकिरी डाग मल्टिग्रेड कागदावर (ज्याचा कॉन्ट्रास्ट रंगीत फिल्टरने बदलतो) फिल्टरचं काम करतो, उजळ भाग सांभाळतो. पण तो विषारी. हातमोज्यांशिवाय ट्रेला हात लावायचा नाही. मागणी असेल तेव्हाच, तेही मी स्वतः करतो.

रोजच्या कामाला डी-76 च राहिला, 1+1 पातळ करून. 20 अंशांना तेरा मिनिटं, 24 ला साधारण नऊ. छिन्नीचे घाव त्यात होते, आकाशही होतं. उन्हाळ्यात ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून 24 वर आणतो, 20 चा हट्ट धरत नाही.

डी-76 आम्ही घरीच बनवतो. लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. बाबा शेजारी बसून अजून हेच बजावतात, "आधी मेटॉल विरघळू दे, मग सल्फाइट." सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही; चिमूटभर सल्फाइट मात्र आधी टाकायचं, म्हणजे मेटॉल काळवंडत नाही. पाणी डिस्टिल्डच. बोअरवेलच्या पाण्याने वाळलेल्या निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटची धुलाईही डिस्टिल्ड पाण्यातच.

आता प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहून देतो: डेव्हलपर, पातळ करण्याचं प्रमाण, अंश, मिनिटं. परवा एक ग्राहक जुनं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले, "अगदी अशीच धुवा." तशीच धुतली. दोन्ही निगेटिव्ह लाइट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.