पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश: आत्याबरोबर पंचभूत स्थळांना

पंचभूत स्थळं म्हणजे शंकराची पाच देवळं. कांचीपुरमला पृथ्वी, तिरुचीजवळ तिरुवनैकावलला पाणी, तिरुवण्णामलैला अग्नी, काळहस्तीला वायू आणि चिदंबरमला आकाश. चार तामिळनाडूत, काळहस्ती तेवढं आंध्रात. आपल्याकडे बारा ज्योतिर्लिंगं घराघरात तोंडपाठ असतात पण ह्या पाचांचं फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले आणि त्यानंतर माझं सगळं विस्कटलं होतं. झोप नाही, बारक्यासारक्या गोष्टींवरून घरात चिडचिड, आणि मधेच एकदम असं रिकामं रिकामं वाटायचं की ऑफिसात स्क्रीनकडे बघत नुसती बसून राहायची. मेडिटेशन कर असं सगळे सांगत होते पण डोळे मिटले की आणखीच कालवाकालव व्हायची. मग सांगलीच्या आत्याचा फोन आला, म्हणाली अगं तुझ्या अप्पाच्या मनात ही पाच देवळं करायची होती, आपण दोघी जाऊया. मी लगेच हो म्हणलं. बसून जे होत नव्हतं ते चालून होईल असं आतून वाटलं.

कोल्हापूरहून हरिप्रिया पकडली, मिरजेला आत्या चढली, डब्यात तिच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिरुपतीला उतरून बालाजी केला आणि तिथून काळहस्ती, चाळीस किलोमीटरच्या आतच आहे, एसटीसारख्या लाल बस सतत सुटतात. देऊळ स्वर्णमुखी नदीच्या काठी. नाव कोळी, साप आणि हत्ती ह्या तीन भक्तांवरून पडलंय. बहुतेक गर्दी राहू-केतूच्या पूजेसाठी येते, आणि ग्रहणात बाकी देवळं बंद होतात तेव्हा हे उघडं असतं. मुख्य लिंगाला पुजारीसुद्धा हात लावत नाहीत. गाभाऱ्यात बाहेरचा वारा यायला वाट नाही, तरी तिथल्या दिव्यांतली एक ज्योत सारखी हलत असते आणि वायू इथे आहे त्याची खूण हीच. मी ती ज्योत बघत होते, मागून लोक ढकलत होते, जेमतेम काही सेकंद मिळाले असतील, पण त्या सेकंदांत माझा श्वास किती वर वर चालतो, छातीच्या खाली उतरतच नाही, हे मला अनेक महिन्यांनी जाणवलं.

बाहेर जो उंच गोपुर दिसतो तो नवा आहे बरं का. कृष्णदेवरायाने १५१६ साली बांधलेला जुना गोपुर २०१० च्या मे महिन्यात कोसळला, मग त्याच जागी नवीन उभारला. जवळपास पाचशे वर्षांचा दगड खाली आला आणि आतला दिवा तसाच हलत राहिला, आत्याला हे सांगितलं तर ती बराच वेळ वर बघत उभी राहिली.

कांचीपुरमबद्दल थोडक्यात लिहिते कारण आम्ही तिथे घाईत होतो. एकाम्रेश्वराचं देऊळ, आंब्याच्या झाडाखाली पार्वतीने वाळूचं लिंग करून तप केलं, नदीला पूर आला तेव्हा लिंग वाहून जाऊ नये म्हणून तिने त्याला मिठी मारली अशी कथा. वाळूचं म्हणून आजही पाण्याचा अभिषेक थेट लिंगावर करत नाहीत. पृथ्वी म्हणलं की आपल्याला वाटतं घट्ट, पक्कं, न हलणारं काहीतरी, आणि इथे पृथ्वी म्हणजे पाण्याने विरघळेल अशी वाळू, जिला कुणीतरी धरून ठेवलंय! मला हे फार लागलं. अप्पांच्या आजारपणात मी सगळ्यांसाठी खंबीर राहिले होते, सगळे तसंच म्हणायचे, आणि त्या खंबीरपणाला आतून कोण धरून होतं हे कधी कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तिरुवण्णामलैला मात्र निवांत राहिलो. ब्रह्मा आणि विष्णूचा मोठं कोण ह्यावरून वाद झाला, शंकर अग्नीचा खांब होऊन उभा राहिला, ब्रह्मदेवाने केतकीची खोटी साक्ष काढली म्हणून केवडा शंकराला चालत नाही, ही गोष्ट आपल्याला माहितीच आहे. ती घडली ती जागा हीच मानतात आणि तो खांब म्हणजेच समोरचा अरुणाचल डोंगर. उंची २६६८ फूट. कार्तिगै दीपम ह्या सणाला शिखरावर मोठ्या कढईत तुपाचा दिवा लावतात तो कित्येक किलोमीटरवरून दिसतो. आम्ही गेलो तेव्हा दिवा नव्हता, नुसता डोंगर, तांबूस दगड आणि मधे मधे हिरवं.

डोंगराला प्रदक्षिणा १४ किलोमीटरची, गिरिवलम म्हणतात, अनवाणी करायची आणि रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचं कारण डोंगराकडची बाजू सिद्धांची असं मानतात. पौर्णिमेला लाखो लोक असतात, आम्ही मुद्दाम साधा दिवस धरला आणि पहाटे निघालो. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून ती रिक्षाने पुढे जायची आणि वाटेतल्या आठ लिंगांपैकी एकेकापाशी माझी वाट बघत बसायची, इंद्रलिंग, अग्निलिंग, यमलिंग असं करत. मी चालत होते आणि डोक्यात राग उसळत होता, डॉक्टरांवर, नातेवाईकांवर, अप्पांवरसुद्धा, की त्यांनी दुखणं इतके दिवस का लपवलं. ऊन चढलं, डांबर तापलं, तळवे भाजायला लागले, आणि पुढे कुठेतरी, बहुतेक वायुलिंगाच्या नंतर, राग करायला ताकदच उरली नाही. विझला असं नाही म्हणणार मी. पण डोंगर उजव्या हाताला तसाच होता आणि मी त्याच्या भोवती फिरत होते, आणि आगीच्या भोवती असं ठराविक अंतर ठेवून फिरता येतं, तिच्यात उडी मारलीच पाहिजे असं नाही, हे पायांना आधी कळलं आणि मला नंतर.

दुपारी रमणाश्रमात गेलो. रमण महर्षी १८९६ मध्ये सोळा वर्षांचे असताना इथे आले ते १९५० ला देह ठेवेपर्यंत हा डोंगर सोडून गेले नाहीत. जुन्या हॉलमधे त्यांचा कोच आहे, लोक भिंतीला टेकून गप्प बसतात, बाहेर मोर ओरडत असतात. तिथे मी पहिल्यांदा डोळे मिटून बसू शकले. जमलं तर इथून जिंजीचा किल्लाही करा, चाळीसेक किलोमीटरवर आहे, महाराजांनी १६७७ ला घेतला आणि पुढे राजाराम महाराज जिथे वेढ्यात टिकून राहिले तो हाच.

चिदंबरमला नटराज. पुरुषांना शर्ट काढून आत जावं लागतं. सोन्याच्या छपरावर २१,६०० पत्रे आणि ते बसवायला ७२,००० खिळे असं सांगतात, म्हणजे माणसाचे दिवसाचे श्वास आणि शरीरातल्या नाड्या. मी रांगेतच हिशोब केला, मिनिटाला पंधरा श्वास धरले तर चोवीस तासांचे बरोबर २१,६०० होतात. नटराजाच्या शेजारी एक पडदा आहे, दीक्षित, म्हणजे इथले पुजारी, तो बाजूला करतात आणि मागे मूर्ती नाही, काहीच नाही, नुसत्या सोन्याच्या बेलपानांच्या माळा लोंबतात. हेच चिदंबर रहस्य, हेच आकाश.

(व्हॉट्सॲपवर फिरतं ना की पाचही देवळं एका सरळ रेषेत आहेत, ते तसं नाही. काळहस्ती, कांची आणि चिदंबरम ही तीन खरोखर जवळपास एकाच रेखांशावर आहेत, ७९.७ च्या आसपास, आणि तेवढं पुरेसं थक्क करणारं आहे. बाकीची दोन बरीच पश्चिमेला आहेत.)

त्या पडद्यासमोर मला एक लक्षात आलं की ह्या देवळांमधे तत्त्व एकटं असं दाखवलेलंच नाही. वारा दिसतो तो ज्योतीमुळे. पृथ्वी कळते ती तिच्यावर पाणी घालत नाहीत म्हणून. आकाश दिसायला पडदा लागतो आणि पानं लागतात. मी वर्षभर माझं मन वेगळं काढून, एका जागी धरून, त्यालाच दुरुस्त करायला बघत होते, आणि अप्पांच्या जागची पोकळी तर नुसतीच पोकळी म्हणून बघत होते. तिच्या कडेला आत्या आहे, आई आहे, दशम्या आहेत, मी आहे, ह्या सगळ्यामुळेच ती इतकी स्पष्ट दिसते.

शेवटी तिरुची. गावातून निघून कावेरीचा पूल ओलांडला की श्रीरंगमचं बेट, तिथेच तिरुवनैकावल. पलीकडे कोळ्ळिडम नदी. १६७७ मध्ये शिवाजी महाराज आणि व्यंकोजी राजे हे सावत्र भाऊ शहाजीराजांच्या जहागिरीच्या वाटणीवरून भेटले ते ह्याच कोळ्ळिडमच्या काठी, तिरुमलवाडीला. मी हे सहज सांगत होते, आणि आत्या एकदम म्हणाली, "मी पण अप्पाशी चार एकरासाठी बोलत नव्हते गं, तुला माहितीये ना." मला माहिती होतं. घरात सगळ्यांना माहिती होतं. मी तिचा हात धरला, काय बोलावं सुचलं नाही, आणि रिक्षावाला तामिळमधून काहीतरी दाखवत राहिला.

जंबुकेश्वराचा गाभारा खाली, बुटक्या दाराचा, जांभळाच्या झाडापाशी. लिंगाजवळ जमिनीतून पाणी झिरपत असतं. दर्शन नऊ भोकांच्या दगडी खिडकीतून. दुपारी पुजारी साडी नेसून, म्हणजे अखिलांडेश्वरी देवी होऊन येतो आणि शंकराची पूजा करतो, देवीने इथे कावेरीच्या पाण्याचं लिंग करून पूजा केली होती म्हणून. वाजतगाजत तो आमच्या अगदी जवळून गेला. आत्या रडली, खूप रडली, आणि मी तिला गप्प हो म्हणून काही सांगितलं नाही. नंतर बाहेर येऊन आम्ही दोघींनी केळीच्या पानावर पोटभर जेवलं, तिने रस्सम दोनदा मागून घेतलं.

जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बघा, उन्हाळ्यात दगडावर पाय ठेववत नाही. काळहस्ती सोडलं तर बाकीची देवळं दुपारी काही तास बंद असतात, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ असंच प्लॅनिंग करा, फक्त तिरुवनैकावलला साडीची पूजा बघायची तर साडेअकरापर्यंत आत पोचलेलं बरं. आत्या आता श्रीशैल म्हणतेय. तिकिटं मी काढणार आहे, दशम्या तिच्याकडे.