कोल्हापुरी तालमीचा लॉट : सहावा आठवडा

'द सिम्स ४' या घरे-माणसे उभारण्याच्या संगणक खेळामध्ये कोल्हापुरी तालीम उभारण्याचे काम आता सहाव्या आठवड्यात आले असून, ३०×२० चौकोनांच्या लॉटवर (खेळातल्या बांधकामाच्या भूखंडावर) हौद म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, पुढचा सोपा (ओसरी) आणि परसातली विहीर एवढे बांधून झाले आहे. लॉटचा प्रकार 'जिम' ठेवला आहे.

सर्वांत जास्त वेळ हौदाने घेतला. तालमीत शिरताना पायऱ्या चढून जोत्यावर यायचे आणि मग हौदात उतरायचे, हा अनुभव मला सोडायचा नव्हता. डिसेंबर २०२०च्या अपडेटमध्ये सर्वांना मोफत मिळालेल्या प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे जमिनीचा भाग वर-खाली करण्याच्या सोयीमुळे ते साधले : आधी जोते उंच घेतले आणि मग मधली ६×६ची जागा खाली सरकवली. मात्र खोलीच्या आत जमिनीचा रंग देता येत नाही, म्हणून लाल मातीची फरशी 'सिम्स ४ स्टुडिओ' या खेळासाठी वस्तू बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः तयार करावी लागली. पहिल्या चित्रात मी हौसेने एक पाऊल उमटवले होते. ते प्रत्येक चौकोनात त्याच जागी, त्याच कोनात दिसू लागले आणि माती न वाटता छापील कापड अंथरल्यासारखे वाटले. ते पाऊल काढले, कडा एकमेकींशी जुळवल्या आणि रंगातला भगवेपणा उतरवला, कारण हळद, ताक आणि तेल मुरलेली माती ओलसर व गडद दिसते, विटेसारखी कोरडी नव्हे.

मुदगलांची (व्यायामासाठी फिरवायच्या जड लाकडी दंडांची) जोडी ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या प्रोग्रॅममध्ये घडवली आणि खेळातल्या एका फुलदाणीची प्रत काढून तिच्यावर बसवली. जवळून ती उत्तम दिसत होती, पण कॅमेरा मागे नेला की भिंतीशी पुन्हा फुलदाणीच उभी! दूरच्या अंतरासाठी वस्तूचे कमी तपशिलाचे वेगळे आकार साठवलेले असतात आणि मी फक्त पहिलाच बदलला होता. बाकीचे आकार आणि सावलीही बदलल्यावर हा दोष गेला. नव्याने वस्तू बनवणाऱ्यांनी प्रत्येक वस्तू लॉटच्या दुसऱ्या टोकावरून एकदा अवश्य पाहावी.

इचलकरंजीच्या मित्राने गॅलरीतून (खेळाडू आपली बांधकामे जिथे एकमेकांना देतात तिथून) लॉट उतरवून घेतला, तेव्हा मुदगल आणि मारुतीची तसबीर दोन्ही गायब होती. गॅलरी बांधकाम पोहोचवते, आपण बनवलेल्या वस्तू पोहोचवत नाही. म्हणूनच मी स्वनिर्मित वस्तू तीनच ठेवल्या : माती, मुदगल आणि तसबीर. बाकी खांब, कौले, बाके असे सगळे मूळ खेळातलेच आहे आणि मूळ खेळ ऑक्टोबर २०२२पासून मोफत असल्याने तेवढे कोणालाही मिळेल. आपल्याकडचे जे खेळात मुळातच नाही, तेवढेच स्वतः बनवावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

तिन्ही स्वनिर्मित वस्तूंच्या पॅकेज फायली आणि खेळ बांधकामे साठवतो त्या ट्रे फोल्डरमधील लॉटच्या फायली मी एकत्र देत आहे. पॅकेज फायली मॉड्स फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि खेळाच्या सेटिंगमध्ये कस्टम कंटेंट (स्वनिर्मित वस्तू) सुरू करावे; अपडेटनंतर हे सेटिंग आपोआप बंद होते, तेवढे पुन्हा तपासावे. मातीचा रंग हवा तसा बदलून घ्यायला माझी हरकत नाही. पुढे १९१२ साली पूर्ण झालेले कोल्हापूरचे खासबाग हे कुस्तीचे मैदान ६४×६४च्या लॉटवर घ्यायचे आहे, आणि तिथल्या गोलाकार बैठकांचा उतार कसा साधावा यावर कोणी काम केले असेल, तर ते पाहायला मला फार आवडेल.