डावा कान, एमआरआय आणि मधले दिवस

एमआरआय काढून झालाय, रिपोर्ट यायचाय. आजारांबद्दल वाचायला ढिगाने मिळतं, पण आजार कुठला हे ठरायच्या आधी पोटात जो गोळा येतो ना, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

झालं असं, एका सकाळी उठले तर डाव्या कानाला दडे बसलेले, कसारा घाट उतरताना बसतात तसे, फक्त ते सुटेनातच, आणि आत सतत कुंईऽऽ असा बारीक आवाज. दुसऱ्याच दिवशी नाशिकच्या कॉलेज रोडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे धातूचा दुशाखी चिमटा, वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, कुठल्या कानात वाजतंय? मी म्हटलं उजव्या. मळ किंवा पाणी अडकलं असतं तर तो आवाज बंद कानात मोठा आला असता, चांगल्या कानाकडे गेला म्हणजे गडबड आतल्या कानात नाहीतर ऐकण्याच्या नसेत. हे मी विचारून घेतलं म्हणून कळलं, तुम्हीही विचारत जा, डॉक्टर सांगतात. आणि एक कळकळीने सांगते, एक कान अचानक बंद पडला तर तेल घालून, वाफ घेऊन आठवडा काढू नका. तीन दिवसांच्या आत एकदम ऐकू येणं कमी झालं तर ते तातडीचं समजतात, स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो.

मग ऑडिओमेट्री. छोटी काचेची खोली, हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. डाव्याची तपासणी चालू असताना उजव्यात मुद्दाम फस्स असा आवाज सोडतात, चांगल्या कानाने मदत करू नये म्हणून. कागद हातात आला तर उजव्याचे लाल गोल वर एका रांगेत आणि डाव्याच्या निळ्या फुल्या उजवीकडे जाता जाता खाली घसरलेल्या, म्हणजे उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. स, श, फ असली अक्षरं तिथेच हरवतात म्हणे. तो कागद मी रिक्षात बसून पुन्हा पुन्हा बघत होते.

एमआरआय कशासाठी, तर ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर गाठ नाही ना एवढं बघायला. गाठ हा शब्द ऐकून सासूबाईंचा चेहराच उतरला, "म्हणजे कॅन्सर का गं?" मी म्हटलं नाही आई, ही गाठ साधी असते, बहुतेक वेळा हळूहळू वाढते, लहान असेल तर कधीकधी नुसती लक्ष ठेवून बघतात, आणि ज्यांना हा एमआरआय सांगतात त्यातल्या बहुतेकांना ती नसतेच. त्यांना समजावताना मीच जरा शांत झाले, हे खरं. पण रात्री परत तेच.

रात्रीचं सांगायलाच हवं. छातीत धडधड, झोप नाही, उगाच रडू, मला वाटलं मी खचले. नंतर डॉक्टर म्हणाले कानासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी पण असं होतं, स्टेरॉइड झोप उडवतं, जीव अस्वस्थ करतं, म्हणून ते सकाळी जेवणानंतर घ्या. धडधडीला औषधाचंही कारण आहे हे कळल्यावर ती निम्मी झाली! आणि कानातला आवाज शांततेत जास्त येतो, त्यामुळे आता उशाशी रेडिओ अगदी बारीक लावून झोपते.

दिवसा वेगळीच पंचाईत. आवाज कुठून आला हे दोन्ही कान मिळून ठरवतात, एका कानाला ते जमत नाही. अशोक स्तंभाला रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू येतो पण गाडी कुठल्या बाजूने येतेय कळत नाही, म्हणून मी मान दोन्हीकडे पूर्ण वळवते मगच पाय टाकते. वर्गात कुठल्या बाकावरून "मॅडम" आलं तेही कळेना, मग टेबल दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं, आता सगळा वर्ग उजव्या हाताला येतो. मुलांना सांगून टाकलंय, हात वर करा मग बोला, आणि पोरं इतकी छान पाळतात की काय सांगू.

काळजी "करू नको" म्हटल्याने थांबत नाही, म्हणून तिला वेळ दिलाय, संध्याकाळच्या चहानंतर वही घेऊन बसायचं, जे शोधायचं ते तेव्हाच शोधायचं, रात्री मोबाइल नवऱ्याकडे. निफाडहून आई रोज फोन करून विचारायची काही कळलं का गं, तिला म्हटलं कळलं की पहिला फोन तुलाच, तोवर दुसरं काहीतरी बोल. आता ती कांद्याचे भाव सांगते आणि मला खरंच बरं वाटतं.

रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही तर आनंद होईलच, पण कान का गेला हे तरीही कळेलच असं नाही, अचानक गेलेल्या कानाचं कारण पुष्कळदा सापडत नाही. त्यासाठीही मन तयार करतेय. वहीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेत: पुन्हा ऑडिओमेट्री कधी, गोळ्यांनी भागलं नाही तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देतात ते मला चालेल का, ऐकण्याच्या मशीनचा उपयोग होईल का, उजव्या कानाला कसं जपायचं, आणि गणपतीत ढोलाच्या मिरवणुकीजवळ उभं राहिलं तर चालेल का.