वीस मायक्रॉन

सातला मशीन चालू करून द्यायचं होतं आणि सव्वासहाला फिटर म्हणाला, "साहेब, पिन बुशमध्ये जातच नाहीये."

पुठ्ठ्याच्या खोक्यांना घडी घालणारं मशीन. त्याच्या सरकत्या हेडला १२ मिलिमीटरच्या चार गाइड पिना आहेत, त्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीत, सरकतात. पुठ्ठ्याची भुकटी तिथे सतत उडते, पिनांवरच्या तेलात बसते आणि तिचा काळा लगदा होतो. आठवड्यातून एकदा तरी हेड अडकायचं. जास्त तेल घातलं की भुकटीही जास्त धरायची. शेवटी तेलच नको असं ठरवून मी पिनांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं कोटिंग करून आणलं होतं. याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात, आणि ओलं काही नसल्यामुळे भुकटी फारशी चिकटत नाही.

फिटरच्या हातात एमरी पेपर होता. "दोन हात मारले की बसेल." मी त्याला थांबवलं. जो थर पैसे देऊन चढवून घेतला, तोच घासून काढण्यात काय अर्थ?

मायक्रोमीटर लावला. कोटिंगआधी पिन ११.९९५ मिलिमीटर होती, आता १२.०१५. बुशचं भोक १२.०१०. थर फक्त १० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), पण तो पिनच्या दोन्ही अंगांना असतो, म्हणजे व्यास २० मायक्रॉनने वाढला. मुळात फटच होती १५ मायक्रॉनची. ड्रॉइंग मी काढलं होतं आणि त्यात थराची जाडी धरलीच नव्हती. मला फार लागलं ते. त्या दिवशी जुन्या पिना आणि तेलावरच मशीन चालवलं.

नव्या पिना ११.९७० ला ग्राइंड करून घेतल्या. कोटिंगनंतर ११.९९०. बोटाने ढकलली तरी सरकावी अशी पिन बुशमध्ये गेली तेव्हा फिटरच माझ्याआधी हसला.

पण तिसऱ्या पिनवरचा थर पहिल्याच शिफ्टमध्ये सुटला. उजेडात धरून पाहिली: सगळीकडे करडा रंग आणि मधे एक लांबट गोल डाग, त्यात उघडं स्टील. अंगठ्याएवढा. मी थेट कोटिंगवाल्यांकडे गेलो. अ‍ॅल्युमिना ब्लास्टिंग, म्हणजे पिन खरखरीत करणारा कणांचा मारा, नीट; फॉस्फेटिंग, म्हणजे थराला पकड देणारी रासायनिक प्रक्रिया, तीही नीट. मग एक मुलगा तयार पिना उघड्या हाताने उचलून हुकांना अडकवत होता. हाताच्या तेलकट घामावर कोटिंगला पिनवर चिकटवून ठेवणारं रेझिन धरणार कसं? पुढे भट्टीत १५० अंशांवर तासभर ठेवलं तरी खालचा डाग काही जात नाही. मी मुलाला काही बोललो नाही. त्याला हातमोजे कुणी दिलेच नव्हते.

पिना पुन्हा कोटिंग करून परत आणताना मी प्रत्येक पिन वेगळ्या कागदात गुंडाळली. एकाच खोक्यात सुट्या टाकल्या की वाटेतल्या हादऱ्यांनी एकमेकींवर घासतात. १९९१ च्या एप्रिलमध्ये नासाच्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना छत्रीसारखा पूर्ण उघडलाच नाही. त्याच्या काड्यांच्या पिनांवरचं कोरडं वंगण बहुधा यान उडण्याआधी ट्रकच्या प्रवासातच घासून गेलं असावं, असं तपासात निघालं. वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

या पिना बसल्या. आता भीती तेलाच्या डब्याची. इतकी वर्षं दर शिफ्टला तिथे दोन थेंब टाकायची सवय. तेल पडलं तर भुकटी पुन्हा चिकटणार आणि रेझिनही नरम पडू शकतं. मी हेडवर लाल अक्षरांत 'तेल घालू नये' लिहून लावलं, तरी रात्री दहाला स्वतः उभा राहिलो. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर डबा घेऊन आले, सवयीने हात पिनपर्यंत नेला, पाटी वाचली आणि विचारलं, "मग कोरडंच पळणार?"

"हो काका. पळू दे."

त्यांनी डबा खाली ठेवला आणि हेडला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले.