कोयनानगर: दोन मुक्काम आणि पहाटेचा एक हादरा

कराडहून पाटणमार्गे कोयनानगर पन्नास-साठ किलोमीटर. दिवाळीनंतर आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा, लेक आणि सासूबाई. नेहरू उद्यान, 103 मीटर उंचीचं धरण, ओझर्डे धबधब्याचं उरलंसुरलं पाणी. एका दिवसात सगळं आरामात होतं. फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे थेट दुसऱ्या रात्रीकडे येते.

घरगुती निवास, वरच्या मजल्यावरची खोली. पहाटे साडेचारला आधी आवाज आला, गच्चीवरून कुणी रिकामं पिंप गडगडत नेल्यासारखा. मग खालून एक दणका. खाट खडखडली, टेबलावरचा काचेचा ग्लास पडून फुटला. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. तेवढ्यात नवरा अनवाणी जिन्याकडे पळाला, तेही काचेवरून. मी लेकीला घेऊन खिडकीपाशी, म्हणजे नको तिथेच. सासूबाई तेवढ्या डोक्यावर उशी ओढून पडून राहिल्या. चौघांत बरोबर वागल्या त्या एकट्या, आणि तेही गुडघे धरल्यामुळे!

खालून काकू ओरडल्या, "ताई, हाय तिथंच बसा! जिन्यात येऊ नका!"

सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेताना पाहिलं. मांडणीच्या प्रत्येक फळीला पुढून सुतळी आडवी बांधलेली. हंडा-कळशी जमिनीवर. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर एकही तसबीर नाही. "ह्ये रोजचंच हाय," म्हणाल्या, "पर सदुसष्टचा रोजचा नव्हता." 11 डिसेंबर 1967 चा तो भूकंपही पहाटे चारनंतरच झाला होता. सुमारे 180 माणसं गेली. जलाशयात पाणी भरायला लागल्यापासून या भागात धक्के सुरू झाले ते आजही चालू आहेत, बहुतेक अगदी बारीक. 1993 चा किल्लारीचा भूकंपही असाच पहाटे, चारच्या आत. तिथे माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आल्यामुळे.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा बॅगा टाकल्या टाकल्या, चहाच्याही आधी, खोली बघून घ्या. खाट खिडकीला किंवा उंच कपाटाला लागून असेल तर सरकवा, सरकत नसेल तर डोकं-पाय फिरवून झोपा. चपला आणि बॅटरी अंथरुणातून हात पोहोचेल अशी. आम्हाला हे सुचलं नाही. नवऱ्याच्या टाचेतून काच काढायला पाऊण तास गेला.

हलायला लागलं आणि अंथरुणात असाल तर तिथेच पालथं होऊन डोकं-मान उशीने झाका. जागे असाल तर भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा. जिना आणि लिफ्ट अजिबात नको. अपवाद एकच: जुनं दगड-मातीचं घर, तुम्ही तळमजल्यावर दाराशी आणि समोर मोकळं अंगण, तर बाहेर पडा. पण भिंतीच्या कडेला उभं राहू नका, कौलं तिथेच पडतात.

थांबल्यावर आधी चपला घालायच्या, मग गॅस बंद. वास येत असेल तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, काडी तर नाहीच. बाहेर विजेच्या तारा नाहीत अशी जागा बघा, आणि मागून आणखी धक्के येतील हे धरूनच चाला. मोबाइलच्या इशाऱ्यावर विसंबू नका. केंद्र जवळ असलं की इशाऱ्याआधीच धक्का येतो, आणि बारीक धक्क्यांना इशारा येतच नाही. घरी फोन करण्यापेक्षा मेसेज टाका, लाइन मोकळी राहते. मदतीला 112.

आम्ही चिपळूणकडे उतरणार होतो. काकूंनी उजाडेपर्यंत थांबवलं, कारण कुंभार्ली घाटात सुटे दगड आलेले असले तर अंधारात दिसत नाहीत. गाडी चालवताना धक्का जाणवला तर कडेला घ्या, पण दरडीखाली किंवा पुलावर थांबू नका. आम्हाला वाटेत दोनच दगड लागले, नारळाएवढे. ते कालचे की पहाटेचे, कोण जाणे.

खोली घेताना तळमजल्यावरची मागा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मागितली होती.