मॅडम, या आकड्यात माणूस वाचतो का?

रात्री साडेअकराला लॅबच्या खिडकीतून एक मोबाइल आत सरकतो. "मॅडम, प्लेटलेट अठ्ठेचाळीस हजार, डी-डायमर पाच हजारांच्या वर. रक्तात इन्फेक्शन पसरलंय म्हणतात. या आकड्यात माणूस वाचतो का?" (प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उरणारे तुकडे.) अठरा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. खिडकीत उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, आणि पेशंटला बघणारी मी नसतेही, म्हणून "वरच्या डॉक्टरांना विचारा" म्हणून मोकळी होते. ते उत्तर मलाच टोचत राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून, इथे निवांत सांगते.

आपल्याकडे जखमेत पू झाला की "सेप्टिक झालं" म्हणतात. आयसीयूतलं सेप्सिस वेगळं. जंतुसंसर्गाला शरीर ताळतंत्र सोडून प्रतिसाद देतं आणि त्यात स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणायचं, अशी व्याख्या २०१६ साली पक्की झाली. या गोंधळात रक्त गोठण्याची यंत्रणा अगदी सुरुवातीला सापडते. तसं ते स्वाभाविकही आहे, कारण जंतूंना जागच्या जागी कोंडून ठेवणं हे गुठळीचं फार जुनं काम. हॉर्सशू क्रॅब नावाचा निळ्या रक्ताचा समुद्री जीव तर जंतूंचं विष रक्तात आलं की तिथल्या तिथे रक्त गोठवून मोकळा होतो. १९६४ मध्ये लेविन आणि बँग या दोघांनी ते दाखवलं आणि पुढे इंजेक्शनं शुद्ध आहेत का हे त्याच रक्तावर तपासायला लागले.

नातेवाईक हमखास अडतात ते पुढे. "एक डॉक्टर म्हणतात रक्त गोठतंय, दुसरे म्हणतात रक्तस्राव होईल. खरं काय?" दोन्ही. गणपती विसर्जनाच्या रात्री सगळे पोलीस मिरवणुकीच्या रस्त्यावर असतात आणि इकडे सराफकट्टा उघडा पडतो, तसं. शरीरभर बारीक रक्तवाहिन्यांत छोट्या छोट्या गुठळ्या होतात. तिकडे मूत्रपिंडाला, फुप्फुसाला रक्त कमी पडतं आणि इकडे प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिनं त्या गुठळ्यांत खर्ची पडतात. मग सुई टोचली तिथून रक्त थांबत नाही. हे टोकाला गेलं की डीआयसी. त्यासाठी २००१ सालापासून एक गुणांची पद्धत आहे. प्लेटलेट, डी-डायमर, पी.टी. (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारं प्रथिन) या चारांना गुण द्यायचे, पाच किंवा जास्त झाले तर डीआयसी धरायचं. डीआयसी असलेले सेप्सिसचे पेशंट दगावण्याचं प्रमाण नसलेल्यांपेक्षा बरंच जास्त असतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण एकटा आकडा फसवतो. आधी सॅम्पलच बघा. पी.टी.ची निळ्या टोपणाची ट्यूब रेघेपर्यंत भरावीच लागते, कारण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असं तिचं गणित असतं. पहाटे तीनला शीर सापडत नाही, ट्यूब अर्धी भरते, आणि धडधाकट माणसाचं रक्तसुद्धा "गोठत नाही" असं दिसतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसतात. मशीन त्या घोळक्याला मोजत नाही आणि तीस हजार छापून देतं. स्लाइडवर बघावं तर घोळकेच घोळके. (आणि प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत हो. डेंग्यूच्या प्रत्येक पावसाळ्यात हे सांगून माझा घसा बसतो.)

डी-डायमरची तऱ्हा तर विचारूच नका. काही लॅब तो एफईयू या एककात देतात, काही डीडीयूत, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. एका मुलानं वडिलांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. डी-डायमर चार हजारांवरून दोन हजारांवर आला म्हणून तो पेढे आणायच्या बेतात होता. माणूस होता तिथेच होता, एकक बदललं होतं. शिवाय बाळंतपण, ऑपरेशन, कॅन्सर, नुसतं वय, कशानंही डी-डायमर वाढतो. उलट सेप्सिसमध्ये गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाच बऱ्याचदा दाबली जाते, त्यामुळे तो बेताचाच वाढलेला दिसला तरी हुरळून जायचं कारण नसतं.

हे सगळं ठाऊक असून मी स्वतः फसले. मामांना पंचवीस वर्षांची शुगर. उसाच्या खोडव्याचं धसकट तळपायात घुसलं ते त्यांना कळलंच नाही. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप, असंबद्ध बोलणं, बीपी खाली. अ‍ॅडमिट केलं. मामेभाऊ रोज रात्री मला रिपोर्टचे फोटो पाठवायचा. दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री प्लेटलेट बासष्ट हजार, पण फायब्रिनोजेन २४०. नॉर्मल २०० ते ४००. मामी फोनवर रडत होत्या. मी म्हटलं, "मामी, काळजी करू नका, मुख्य प्रथिन नॉर्मल आहे." सकाळी चहा घेता घेता जुने फोटो मागे सरकवले तर पहिल्या दिवशी तेच प्रथिन ६१०. चहा तसाच राहिला. इन्फेक्शनमध्ये यकृत फायब्रिनोजेन भराभर बनवतं, ते वाढलेलंच असायला हवं. तिसऱ्या दिवशी ते "नॉर्मल" झालं, म्हणजे बनतंय त्याहून वेगानं खर्च होत होतं. मी मामींना दिलेला धीर नेमका उलटा होता. पुन्हा फोन करायला मला दुपार उजाडली.

तोवर मामेभाऊ रक्तपेढीबाहेर प्लेटलेटच्या पिशवीसाठी उभा. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांपर्यंत सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, ऑपरेशनला पन्नास हजार पुरतात. तिथल्या सर्जननं त्याला परत बोलावलं आणि मामांना आत घेतलं. पू काढला, मेलेलं मांस काढलं, दोन बोटं गेली. त्यानंतर प्लेटलेट अठ्ठावन्न, एकसष्ट, चौऱ्याऐंशी, मग एक लाख वीस. पिशवी एकही लागली नाही. त्यांचं रक्त सुधारलं ते पाय साफ झाल्यामुळे आणि अँटिबायोटिक लागू पडल्यामुळे.

आकडाच सुधारून माणूस वाचवायचा प्रयोग मोठमोठ्यांनी करून पाहिलाय. सेप्सिसमध्ये प्रोटीन सी हे गोठण्याला लगाम घालणारं प्रथिन कमी होतं. तेच इंजेक्शनमधून द्यायचं औषध, झायग्रिस, २००१ साली आलं. पहिल्या चाचणीत अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू ३०.८ टक्क्यांवरून २४.७ वर आले आणि जगभर आनंदीआनंद झाला. पुढच्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांत २६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत २४.२ टक्के मृत्यू. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीनं ते बाजारातून काढून घेतलं. अँटिथ्रॉम्बिन या गोठणं रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचीही जवळपास हीच कथा. त्यामुळे "काही करून प्लेटलेट वाढवा, पपईच्या पानांचा रस देऊ का?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, इन्फेक्शनचं मूळ सापडलं का? पू कुठे आहे, तो काढला का?

आणि विचारते ते आधीचे कागद. आजचे अठ्ठेचाळीस हजार कालच्या नव्वदवरून आले असतील तर मी गप्प होते. परवाच्या चाळीसवरून आले असतील तर खुर्ची पुढे सरकवते. जगणाऱ्यांच्या प्लेटलेट बहुतेक वेळा काही दिवसांत वर वळतात, न जगणाऱ्यांच्या खालीच रेंगाळतात. तेही बहुतेक वेळा. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसनं बीपी कोसळलं की, दहातले चार जण आजही जातात आणि त्यात कोण असेल ते माझ्या मशीनला कळत नाही.

तेव्हा फोटो पाठवणार असाल तर तीन दिवसांचे पाठवा, एकाच लॅबचे असतील तर उत्तम. आणि वरचा कोपरा कापू नका. तारीख नेमकी तिथेच छापलेली असते.