वॉलेसला बघायला ती गेलीच कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शर्ली चिझमवर बोलून झालं की कुणीतरी उठतंच, "सगळं ठीक हो, पण त्या वॉलेसला बघायला ती हॉस्पिटलात गेलीच कशाला?"

अमेरिकी काँग्रेसमधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९७२ची अध्यक्षपदाची उमेदवारी, हे तुम्हाला पाठ आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या बाईला शेती समितीवर टाकलं तेव्हा ती कशी भांडली, यावर टाळ्याही पडतात. १५ मे १९७२ आला की सगळे गप्प.

त्या दिवशी मेरिलंडमध्ये जॉर्ज वॉलेसला गोळ्या लागल्या आणि त्याचे पाय कायमचे गेले. वर्णभेद आज, उद्या आणि कायम राहील, असं १९६३मध्ये गरजलेला हाच तो अलाबामाचा गव्हर्नर. त्यात पक्षाच्या उमेदवारीसाठी तिचा प्रतिस्पर्धी. चिझम त्याला भेटायला गेली. तुझी माणसं काय म्हणतील, असं त्यानेच विचारलं. ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, पण तुझ्यावर आलं ते कुणावरच येऊ नये. तो रडला. ती निघाली तरी हात सोडेना.

तिची माणसं म्हणायचं ते म्हणालीच. प्रचारात राबणारी बार्बरा ली, तेव्हा कॉलेजात होती, तीसुद्धा चिडली.

माझं उत्तर वर्षानुवर्षं तयार असायचं: १९७४मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतन मिळावं म्हणून ती झगडत होती, तेव्हा दक्षिणेतल्या खासदारांची मतं वळवायला वॉलेसनेच मदत केली. बघा, फळलं की नाही!

पण हे तिला १९७२मध्ये कुठून कळणार? हिशोब मी मागाहून जुळवला. बिनहिशोबी भेट मलाच पचत नव्हती.

मी एक टर्म नगरसेविका होते. भर सभेत माझी जात काढणारा माणूस पुढे अर्धांगाने पडला. हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे. "जाऊन ये," हे म्हणाले. नाही गेले. का जावं? ते बरोबरच होतं, असं आजही वाटतं. मग व्याख्यानाला चिझमच का निवडते, ते मात्र विचारू नका.

तो वारला, तेव्हाही गेले नाही. त्याची सून दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते. मी घेते.